देवालयांत आलेला पियानो : मेरी लू विल्यम्स बाईंचें चरित्र

इ. स. १९०३ च्या नोव्हेंबर महिन्यांत परमपूज्य पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं एक आज्ञापत्र काढिलें. त्यांत ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिलें, ऑर्गनाचा मान राखिला, आणि कांहीं गोष्टी स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविल्या. देवळांत पियानो वाजवूं नये. ढोल, झांजा इत्यादि गोंगाटाचीं वाद्यें तेथें आणूं नयेत. आणि गायनवृंदांत स्त्रियांस घेऊं नये, असें त्यांत लिहिलें होतें. या पत्रास पुरतीं सात वर्षें झालीं नव्हतीं तोंच, ८ मे १९१० रोजीं, अमेरिकेंतील अटलांटा शहरीं एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत एक कन्या जन्मास आली. ती स्त्री होती; तिचें वाद्य पियानो होतें; आणि तिचें संगीत ज्या नृत्यगृहांतून वाढलें तेथें ढोलावांचून घटकाभरहि चालत नसे. तरी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलांत, प्रत्यक्ष मिस्सा चालू असतां, याच स्त्रीनें पियानोवर बोटें ठेविलीं, तो दिवस १८ फेब्रुवारी १९७५ चा. या दोन तारखांच्या मध्यें जें घडलें, तें आम्ही वाचकांस निवेदन करणार आहों.

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदीचा संगमरवर कोठून आणिला, याचा वृत्तांत येतो, आणि तो यावा हें योग्यच आहे. परंतु त्या भिंतींच्या आंत जें गाइलें जातें त्यालाहि इतिहास आहे, आणि तो भिंतींच्या इतिहासापेक्षां कमी कष्टाचा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मुलीचें जन्मनांव मेरी एल्फ्रिडा स्क्रग्स. आई घरीं पायपेटीसारखा ऑर्गन वाजवीत असे. मूल रडूं नये म्हणून ती त्यास मांडीवर घेऊन बसे. एके दिवशीं आईनें बोटें उचलतांच तिच्या मांडीवरील सुमारें तीन वर्षांच्या पोरीनें तेच सूर पुन्हां वाजविले. आई घाबरली, मग हर्षली, आणि शेवटीं तिनें एक विलक्षण निश्चय केला: मुलीला शिक्षक ठेवावयाचा नाहीं. स्वतः ती पुस्तकावरून शिकली होती, आणि तेव्हांपासून कागदावांचून वाजविण्याची आपली शक्ति गेली असें तिचें म्हणणें होतें. म्हणून शिक्षकाऐवजीं ती गांवांतील वादकांनाच घरीं बोलावी. मुलगी ऐके, आणि ऐकलेलें वाजवी. आमच्या इकडील गवयांच्या घराण्यांतून शिष्य जसा वर्षानुवर्षें गुरूच्या पाठीमागें तंबोरा धरून बसतो, त्याच जातीचें हें शिक्षण होतें.

पुढें कुटुंब पिट्सबर्ग शहराच्या ईस्ट लिबर्टी भागांत राहावयास गेलें. शेजारी बहुतेक गोरे होते, आणि कृष्णवर्णी बिऱ्हाड आलें हें त्यांस खपलें नाहीं. घरावर विटा येऊं लागल्या. मग ही चिमुकली मुलगी शेजाऱ्यांच्या घरीं जाऊन पियानो वाजवूं लागली, आणि विटा थांबल्या. सहासात वर्षांच्या वयांत ती लोकांच्या समारंभांतून वाजवून पैसे मिळवीत होती, आणि ईस्ट लिबर्टीची छोटी पियानोवाली म्हणून तिची ख्याति झाली होती. विटा थांबल्या हें चांगलेंच झालें; परंतु आपल्या घरावर दगड पडूं नये म्हणून एका लेंकराला आपली विद्या पुढें करावी लागली, ही गोष्ट आम्हांस नुसत्या कौतुकानें सांगवत नाहीं.

येथें जॅझ म्हणजे काय हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत गुलाम म्हणून आणिलेल्या आफ्रिकन लोकांच्या भक्तिगीतांतून, श्रमगीतांतून आणि ब्लूज नामक दुःखगीतांतून हें संगीत उगवलें. त्यांत एक चाल ठरलेली असते, तिच्याखालचे स्वरसंवाद ठरलेले असतात, लय ठरलेली असते. आणि इतकें बंधन पाळून वादक त्या क्षणीं, त्या ठिकाणीं, नवीन स्वरवाक्यें रचीत जातो. आमचे गायक ज्याला उपज म्हणतात तीच ही वस्तु. ज्यास वाटेल तें वाजवावें अशी ही मोकळीक आहे, हा समज अगदीं चुकीचा. बंदिश आणि ताल यांची शिस्त अंगीं मुरल्यावांचून उपज साधत नाहीं, हें आपल्याकडे कोणत्याहि बैठकींत बसलेला मनुष्य जाणतो.

कोवळ्या वयांतच जॉन विल्यम्स नांवाच्या सॅक्सोफोनवादकाशीं तिचा विवाह झाला, आणि त्याच्यामागून ती अँडी कर्क यांच्या ‘क्लाउड्स ऑफ जॉय’ या वाद्यवृंदाबरोबर कॅन्सस सिटीस गेली. प्रथम तिला वाद्यवृंदांत स्थानच नव्हतें. ती मोटार हांकी, प्रसंगीं वादकाच्या जागीं बसे, आणि तुल्सा शहरीं असतां तिनें एका अंत्यविधिवाल्याची प्रेतें नेणारी गाडीहि हांकली. डोक्यांत रचना येत, पण त्या कागदावर उतरवितां येत नव्हत्या. ती सांगे आणि कर्क लिहून घेत. असें करतां करतां ती त्यांच्याकडूनच स्वरलेखन शिकली, आणि थोड्याच काळांत सगळ्या वाद्यवृंदाच्या रचना तीच लिहूं लागली. १९३० सालीं शिकागो येथें तिच्या एकटीच्या वादनाची तबकडी निघाली. त्याच वेळीं तिच्या नांवाला ‘लू’ हें शेपूट जोडलें गेलें. ‘वॉकिन अँड स्विंगिन’, ‘मेरीज आयडिया’ या रचना त्या दशकांतल्या. १९३७ सालीं बेनी गुडमन यांच्यासाठीं लिहिलेली ‘रोल एम’ ही रचना देशभर गाजली. पुरुषांच्या वाद्यवृंदांत स्त्री बहुधा फक्त गाण्यासाठीं उभी असे, त्या काळीं ही स्त्री त्यांना काय वाजवावें हें लिहून देत होती.

त्याच सुमारास हें संगीत मुंबईसहि पोंचलें होतें. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत आला, आणि गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेल्या कॅथलिक वादकांनीं हें नवें संगीत अल्पावधींत आत्मसात केलें. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्धीस आलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियेर वाझ हे त्यांपैकींच. शनिवारीं रात्रीं नृत्यगृहांत वाजवावें आणि रविवारीं सकाळीं देवळांत यावें, हा क्रम आमच्या लोकांना नवीन नव्हता. मात्र शनिवारचें संगीत रविवारीं देवळांत नेण्याची कल्पना तेव्हां कोणाच्या मनाला शिवली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९४२ सालीं मेरी लू बाईंनीं कर्क यांचा वाद्यवृंद सोडिला व पुढें त्या न्यूयॉर्कास राहिल्या. त्यांचें हार्लेममधील घर म्हणजे विनाशुल्क पाठशाळाच बनली. रात्रीं क्लबांतलें काम आटोपलें कीं थेलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी हे तरुण वादक तेथें जमत, आणि उजाडेपर्यंत पियानोपाशीं वादविवाद चाले. ‘बीबॉप’ या नांवाचा जो नवा संप्रदाय निघाला, त्याला नांवें ठेवणाऱ्या वडील वादकांची तेव्हां उणीव नव्हती. बाई वयानें व कीर्तीनें वडील असूनहि त्यांनीं या मुलांना दार उघडें ठेविलें, त्यांना शिकविलें, आणि त्यांच्यापासून त्या स्वतः शिकल्या. १९४५ सालीं त्यांनीं बारा राशींवर बारा रचना केल्या. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीं टाउन हॉलमध्यें त्या वाजविल्या गेल्या, आणि पुढील वर्षीं त्यांपैकीं कांहीं कार्नेगी हॉलमध्यें मोठ्या वाद्यवृंदासह झाल्या.

आतां चरित्राचा कठीण भाग आला. १९५२ सालीं बाई नऊ दिवसांच्या कामासाठीं इंग्लंडास गेल्या, आणि सुमारें दोन वर्षें युरोपांतच राहिल्या. टाळ्या होत्या, नांव होतें. पण पैसा टिकेना आणि मन थाऱ्यावर राहीना. त्यांच्या भोंवतालचे किती तरी वादक मद्य आणि मादक द्रव्यें यांच्या पायीं नाश पावत होते. १९५४ सालीं पॅरिस येथें एके रात्रीं त्या वाजवितां वाजवितां उठल्या आणि रंगमंचावरून चालत्या झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस त्या न्यूयॉर्कास परतल्या, आणि १९५५ च्या मार्च महिन्यांत चार्ली पार्कर हा त्यांच्या वर्तुळांतला अलौकिक सॅक्सोफोनवादक अवघ्या चौतिसाव्या वर्षीं मरण पावला. बाईंनीं पियानो बंद केला. हें संगीतच पापाचें मूळ असावें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें.

हार्लेमच्या १४२ व्या रस्त्यावर लूर्द मातेचें देऊळ आहे. बाईंना हवें तेव्हां त्याचें दार उघडें सांपडे. त्या अजून कॅथलिक नव्हत्या. तरी तेथें जाऊन त्या तासन् तास बसत व प्रार्थना करीत. घरीं त्या व्यसनी आणि निराधार वादकांना आणून ठेवीत, त्यांना जेवूं घालीत, आणि त्यांची नांवें यादींत लिहून त्यांच्याकरितां देवाला विनवीत. पुढें येशूसंघाचे फादर अँथनी वुड्स यांच्याकडे त्यांनीं धर्मशिक्षण घेतलें, आणि १९५७ च्या मे महिन्यांत डिझी गिलेस्पी यांच्या पत्नी लॉरेन यांच्यासह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यापुढील गोष्ट आम्हांस सर्व चरित्रांत मोलाची वाटते. बाईंची अशी समजूत होती कीं, देवाची वाट धरल्यावर पियानोकडे वळणें नाहीं. जगांतली किती तरी भाविक माणसें त्यांना शाबासकी देतीं, आणि आमच्यांतलेहि पुष्कळ जण देते. पण ज्या धर्मगुरूंकडून त्यांनीं ही अपेक्षा करावी, त्यांनींच त्यांना परत धाडलें. फादर जॉन क्राउली यांनीं सांगितलें कीं, वादन हीच प्रार्थना म्हणून देवाला अर्पण करावी. आणि फादर वुड्स यांनीं बजाविलें कीं, धर्मगुरूनें धर्मकार्यानें लोकांची सेवा करावी, आणि वादकानें वादनानें. टाकून देण्यास एक धैर्य लागतें. टाकलेलें पुन्हां उचलून निर्मळपणें वापरण्यास, आमच्या मतें, त्याहून अधिक लागतें. १९५७ च्या जुलैंत न्यूपोर्टच्या महोत्सवांत गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाबरोबर मेरी लू बाई पुन्हां पियानोवर बसल्या.

त्या बसल्या, पण प्रार्थनागृह व भोजनगृह त्यांनीं सोडिलें नाहीं. गरजू वादकांसाठीं त्यांनीं ‘बेल कांटो’ नांवाची संस्था काढिली, आणि तिला पैसा मिळावा म्हणून हार्लेममध्यें जुन्या कपड्यांचें व वस्तूंचें दुकान मांडिलें. कार्नेगी हॉलमध्यें जिची रचना वाजली ती बाई दुकानांत बसून जुने अंगरखे विकीत होती. हिशेबाच्या दृष्टीनें हा उद्योग कधींच नीट चालला नाहीं.

६ मे १९६२ रोजीं पोप तेविसावे जॉन यांनीं मार्टिन द पोरेस यांस संतपद दिलें. आमच्या देवळांतून हातांत झाडू घेतलेली ज्यांची मूर्ति आढळते, तेच हे संत. पेरू देशांतील लिमा शहरीं १५७९ सालीं त्यांचा जन्म झाला; पिता स्पॅनिश सरदार, माता दास्यमुक्त कृष्णवर्णी स्त्री. वर्णामुळें डॉमिनिकन मठांत त्यांना प्रथम केवळ सेवक म्हणूनच जागा मिळाली. मठावर कर्ज झालें तेव्हां, मला विका आणि तें फेडा, असें ते म्हणाल्याची कथा आहे. मेरी लू बाईंनीं या संतासाठीं स्तोत्र रचिलें. शब्द फादर वुड्स यांचे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, म्हणजे संताच्या सणाच्या महिन्यांत, न्यूयॉर्कच्या संत फ्रान्सिस झेवियर देवळांत तें गाइलें गेलें. ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ या नांवाच्या त्यांच्या तबकडीवर तें आहे, आणि ज्या कोणास शक्य असेल त्यानें तें शांतपणें ऐकावें. आरंभीं गायनवृंद वाद्यावांचून अतिशय मंद गतीनें गातो. स्वरसंवाद मात्र असे विचित्र व खोल कीं हें जुनें का नवें, हें कळत नाहीं. मग मध्येंच पियानो येतो, आणि आफ्रिकेच्या लयीचा पदन्यास ऐकूं येतो. थोडा वेळ तो चालतो व थांबतो, आणि पुन्हां गायनवृंद. पियानो आगंतुकासारखा शिरत नाहीं. घरचा मनुष्य बाहेरून आल्यासारखा येतो.

सर्वांना हें रुचलें असें नाहीं. जॅझच्या चाहत्यांना भक्ति नको होती, आणि भाविकांना जॅझ नको होतें. पण काळ पालटत होता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा संविधि जाहीर केला. ऑर्गनाचा मान तसाच ठेवून, पवित्र कार्यास शोभतील अशीं इतर वाद्येंहि अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेतां येतील, असें त्यांत सांगितलें. आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असेंहि सांगितलें. लॅटिन मिस्साच्या जागीं आमची मराठी मिस्सा, आणि तिच्यासोबत पेटी व तबला, हीं ज्या दारानें आंत आलीं तें हेंच दार. तबला म्हणजे तमाशाची व मैफलीची वस्तु, ती वेदीजवळ कशी, असा प्रश्न आपल्याकडेहि विचारला गेलाच होता. तो प्रश्न मूर्खपणाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. १९६७ सालीं रोमहून आलेल्या पवित्र संगीतावरील सूचनापत्रांतहि, लोकांच्या समजुतीनें व प्रत्यक्ष वापरानें जीं वाद्यें केवळ ऐहिक संगीताचीं ठरलीं आहेत तीं उपासनेंत घेऊं नयेत, असें म्हटलेलें आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, एखादें वाद्य केवळ ऐहिक आहे हें ठरवावयाचें कोणीं. आणि दुःखी लोकांनीं भक्तिगीतांतून घडविलेलें संगीत त्या सदरांत बसतें काय?

त्याच १९६७ सालीं मेरी लू बाई पिट्सबर्गच्या सेटन हायस्कुलांत मुलींना शिकवीत होत्या. वर्गांत त्या पियानोपाशीं बसून नवी रचना करीत, आणि तीच मुलींकडून गाऊन घेत. अशा रीतीनें त्यांची पहिली मिस्सा तयार झाली, आणि त्या शहराच्या संत पॉल कॅथेड्रलांत ती झाली. दुसरी मिस्सा १९६८ सालीं प्रायश्चित्तकाळासाठीं. तिसरी १९६९ सालची, शांतीसाठीं, आणि ती खुद्द व्हॅटिकनच्या न्याय व शांति आयोगाच्या सांगण्यावरून लिहिलेली. हीच पुढें ‘मेरी लूज मास’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९७१ सालीं अल्विन एली यांनीं तिच्यावर नृत्यहि बसविलें. मग कार्डिनल कुक यांच्या संमतीनें तो फेब्रुवारीचा दिवस उगवला. सेंट पॅट्रिक कॅथेड्रलांत मिस्साच्या वेळीं जॅझ त्यापूर्वीं कधीं वाजलें नव्हतें. सुमारें ३,००० लोक जमले होते. मुलामुलींचा गायनवृंद होता, ढोल होता, आणि पियानोवर चौसष्ट वर्षांच्या मेरी लू बाई होत्या.

शेवटचीं वर्षें अध्यापनाचीं. १९७७ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील ड्यूक विद्यापीठानें त्यांना बोलाविलें. ज्या स्त्रीला तिच्या आईनें शिक्षकापासून दूर ठेविलें, ती आतां विद्यापीठांत शिकवूं लागली. परंतु रीत आईचीच. येशूसंघाचे फादर पीटर ओब्रायन व्याख्यानांत साह्य करीत, आणि बाई पियानोवर वाजवून दाखवीत. मग सगळ्या वर्गानें तें गाऊन दाखवावें, असा त्यांचा आग्रह. वर्गास इतकी गर्दी होई कीं सर्वांना जागा मिळत नसे. चित्रकार डेव्हिड स्टोन मार्टिन यांनीं बाईंच्या सांगण्यावरून जॅझचा वृक्ष काढिला होता, तोच त्यांचा धडा. मुळांशीं ‘दुःख’ हा शब्द. त्यावर भक्तिगीतें, मग रॅगटाइम, मग स्विंग, मग बीबॉप. आणि बुंध्यांतून वर सर्वत्र वाहणारा रस म्हणजे ब्लूज. कांहीं शाखा निष्पर्ण दाखविल्या होत्या. बाईंना न रुचणारे नवे प्रकार त्यांवर टांगलेले. या बाबतींत त्या कडक होत्या, कधीं कधीं अन्यायीहि. तरी त्याच वर्षाच्या एप्रिलांत कार्नेगी हॉलमध्यें, त्याच निष्पर्ण शाखेवरचे सर्वांत बलिष्ठ पियानोवादक सेसिल टेलर यांच्याबरोबर त्या स्वतः होऊन वाजविण्यास बसल्या. दोघांचें जमलें नाहीं, हें तबकडी ऐकणाऱ्यास स्पष्ट कळतें. पण बोलावणें बाईंकडून गेलें होतें, हें विसरूं नये.

कर्करोग बळावला तरी त्यांनीं वर्ग सोडिला नव्हता. २८ मे १९८१ रोजीं डरहॅम येथें त्या निवर्तल्या. न्यूयॉर्कच्या संत इग्नेशियस लोयोला देवळांत त्यांची अंत्यमिस्सा झाली, आणि पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी दफनभूमींत त्यांस ठेविलें. आपल्या रचनांचें उत्पन्न त्यांनीं आप्तांस वांटलें नाहीं. मृत्यूपूर्वीं एक वर्ष स्थापिलेल्या न्यासाकडे तें दिलें, आणि त्यांतून लहान मुलांना जॅझ शिकवावें अशी व्यवस्था लावून ठेविली.